झाड का सुकले? कारण शोधा!



आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेलेली मंडळी गावी परततात आणि आपल्या जिल्ह्यात बागकामाचे खरे दिवस सुरू होतात. ऑक्टोबरचे ऊन एकदा उतरले की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अहिल्यानगर जिल्ह्याची (तोंडी अजून नगर जिल्हाच!) हवा झाडांना मानवणारी असते. दिवसा ऊब, रात्री गारवा. थंड देशांत या दिवसांत अंगण बर्फाखाली जाते, झाडे काचेच्या घरात ठेवावी लागतात. आपल्याकडे मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो, शेवंती, गुलाब हे सारे उघड्या अंगणात, अगदी पत्र्याच्या डब्यातसुद्धा, आनंदाने वाढते. निसर्गाने ही सवलत देताना कोणाची जात विचारलेली नाही. तिचा लाभ घ्यायचा की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

परसबागेचा विषय निघाला की भगिनींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "झाड लावले, चांगले पोसले आणि एकाएकी सुकले." इथपर्यंत ठीक. पण पुढचे वाक्यही ठरलेले असते. कोणी म्हणते शेजारणीची दृष्ट लागली, कोणी म्हणते अमावास्येला लावले, आणि कोणी हळू आवाजात सांगते की घरातल्या पोरीने 'त्या' दिवसांत पाणी घातले.

तथागतांनी आपल्याला शिकवले ते हेच की कारणावाचून काही घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणामही थांबतो. हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार विहारात ऐकताना अवघड वाटतो. अंगणातल्या वांग्याच्या रोपापाशी तो लहान मुलालाही कळतो. म्हणून आज आम्ही झाडे लावण्याबरोबरच झाडे का सुकतात, हेही सांगणार आहोत.

जागा नाही, तरी बाग

"आमच्याकडे जागा कुठे आहे?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजाच्या वाट्याला जमीन आली ती वतनाची, आणि वतनाबरोबर वेठ आली. महार वतनाचा हा प्रश्न घेऊन परमपूज्य बाबासाहेब १९३९ सालच्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातील हरेगावला परिषदेसाठी आले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आज आपल्यातील कितीतरी कुटुंबे दुसऱ्याच्या शेतावर, कारखान्यात, एमआयडीसीत किंवा बांधकामावर राबतात आणि दोन खोल्यांत राहतात. त्यांच्यासाठीच हे लिहिले आहे. घरापुढे दोन हात जागा आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन असेल तर बाग होते.

कुंडी विकत आणू नका. तेलाचा पंधरा लिटरचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची झटकून धुतलेली गोणी, काहीही चालते. रंगाचा किंवा औषधाचा डबा मात्र खाण्याच्या भाजीला वापरू नका. डब्याच्या तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा, प्रत्येक भोकावर खापरीचा तुकडा ठेवा आणि डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाईल. भोके नसलेल्या डब्यात झाड वाढत नाही, बुडून मरते.

आता माती. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, नेवासे या कालव्याच्या भागात काळी चिकट माती. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे पुष्कळ ठिकाणी मुरमाड. काळी माती ओली झाली की घट्ट चिकटते आणि वाळली की तडकते. तीच नुसती डब्यात भरली तर मुळांना हवा मिळत नाही. म्हणून दोन भाग माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. मुरमाड भागात वाळू नको, त्याऐवजी खत दुप्पट. शेणखत हाताला भुसभुशीत लागले पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळे खातात. वरून झाड सुकते, कारण खाली असते!

आपली जमीन वाईट आहे असे म्हणून कोणी हात झटकू नये. नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू कैदेत होते. तिथली जमीन रुक्ष, दगडगोट्यांची, जुन्या पडझडीच्या ढिगाऱ्याने भरलेली होती. ती खणून त्यांनी तिथे बाग फुलवायला घेतली. ही हकिगत त्यांच्या 'भारताचा शोध' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. किल्ल्यातल्या ढिगाऱ्यात बाग होते, तर आपल्या अंगणात का होणार नाही?

काय लावावे, किती दिवसांत मिळेल

मेथी सर्वात सोपी. पसरट डब्यात दाणे पातळ पेरा, वर बोटाच्या पेराइतकी माती टाका. चार-पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात भाजी ताटात येते. पालक महिन्याने कापायला येतो. तो मुळासकट उपटू नका, दोन बोटे वर कापा, म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा फुटतो. कोथिंबिरीसाठी धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून पेरा. तिला उगवायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात निराश होऊन डबा ओतून देणारे पुष्कळ आहेत. शेपू, मुळा, कांद्याची पात याच काळात येतात.

टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपे आधी एका खोक्यात करा. रोप महिन्याचे झाले की एका डब्यात एकच लावा. हावरेपणाने चार लावली तर चारही उपाशी राहतात. टोमॅटोला काठीचा आधार द्या. लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत फळ तोडायला येते. घेवड्याचा किंवा वालाचा वेल पत्र्यावर चढवला तर भाजीही मिळते आणि उन्हाळ्यात घर थोडे गारही राहते. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर कढीपत्ता आणि शेवगा लावावा. शेवगा फांदीवरून लागतो. हाताएवढी जाड, तीन-चार फूट लांबीची फांदी पुरावी. झाड कमरेइतके झाले की शेंडा छाटावा, म्हणजे शेंगा आणि पाला हाताशी राहतात.

पाल्याचा हा आग्रह आम्ही का धरतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. कष्ट करणाऱ्या घरात सर्वांचे जेवण झाल्यावर जी शेवटी बसते तिच्या ताटात भाजी उरत नाही. अंगणातल्या डब्यातली मेथी ही तिच्या हक्काची भाजी आहे, असे समजून ती आधी तिला वाढा. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याच्या उलट काम करतो. अशक्तपणा जास्त असेल तर मात्र भाजीवर विसंबू नका. आरोग्य केंद्रात रक्त तपासून गोळ्या घ्या.

सुकण्याची खरी कारणे

आता मूळ तक्रारीकडे येऊ. झाड बोलत नाही, पण खुणा करते.

खालची जुनी पाने पिवळी पडली, झाड खुरटले: खत कमी पडले आहे. मूठ-दोन मुठी कुजलेले शेणखत मातीत मिसळा.

कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या: जमिनीत चुनखडी जास्त असल्याने झाडाला लोह घेता येत नाही. आपल्या भागात जास्वंद, गुलाब, मोगरा आणि लिंबाला हे फार होते. अशा झाडाला चुलीची राख किंवा चुना मुळीच घालू नका, सेंद्रिय खत वाढवा.

सगळी पाने मलूल आणि माती ओलीच: पाणी जास्त झाले, मुळे कुजत आहेत. पाणी थांबवा, तळाची भोके मोकळी करा.

मातीवर पांढरा थर: बोअरच्या खाऱ्या पाण्याचे मीठ साचले आहे. वरची दोन बोटे माती काढून नवी घाला. गोडे पाणी मिळेल तेव्हा ते भरपूर ओतून तळातून वाहू द्या.

टोमॅटोच्या बुडाला काळा डाग: एक दिवस दुष्काळ, एक दिवस महापूर, असे पाणी दिल्याचा हा परिणाम. थोडे आणि नेमाने द्या.

मिरचीची पाने चुरडली, द्रोणासारखी वळली: फुलकिडे किंवा पांढरी माशी. पांढरी माशी रोगही पसरवते. फार बिघडलेले रोप उपटून टाका, बाकीच्यांवर निंबोळीचा अर्क फवारा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. जास्वंदीवरचे पांढरे पिठ्या ढेकूण आणि शेंड्यावरचा मावा यांनाही तोच उपाय लागू पडतो. आठवड्याने पुन्हा करावा लागतो.

पाणी किती घालावे, याचे उत्तर पंचांगात नाही, बोटात आहे. दोन पेरे बोट मातीत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको. थंडीत दोन-तीन दिवसांआड पुरते, उन्हाळ्यात रोज संध्याकाळी लागते. टँकरच्या गावात तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी जपून ठेवा. साबणाचे पाणी पालेभाजीला नको. लिंबाच्या किंवा शेवग्याच्या बुडाशी जुने मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले तर ओल हळूहळू झिरपत राहते. वरून उसाचे पाचट किंवा वाळला पाला पसरावा, म्हणजे ऊन माती चाटत नाही.

दृष्ट की दिवा?

एक उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. शेवंतीचे झाड घरामागे फुलते आणि त्याचेच काश्या लावून केलेले दुसरे झाड रस्त्याकडेला नुसते पानांनी भरते, त्याला एकही कळी येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याची दृष्ट लागली, असा निकाल मग घरात होतो. खरे कारण खांबावर आहे! शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अंधारी रात्र लागते. दिवाळीच्या सुमारास रात्री मोठ्या होतात म्हणून ती तेव्हा फुलते. रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडला की तिच्या लेखी रात्र होतच नाही. डबा उचलून अंधाऱ्या बाजूला ठेवा, पुढच्या हंगामात कळ्या येतील. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या जाळल्या असत्या तर मोहऱ्या फुकट गेल्या असत्या.

गुलाबाचेही तसेच. कलमाच्या गाठीखालून जंगली फुटवा येतो, जोमाने वाढतो आणि सारे अन्न खातो. घरचे खूश होतात की गुलाब काय वाढला! तो फुटवा मुळाशी कापला नाही तर वरचे कलम मरते. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करावी. वाळलेली काळी फांदी हिरवा भाग लागेपर्यंत खाली कापावी, काप तिरका घ्यावा. मोगऱ्याचे पाणी थंडीत कमी करून जानेवारीच्या अखेरीस छाटणी केली की उन्हाळ्यात ओंजळभर फुले मिळतात.

विहारात वंदनेला जाताना हातातले फूल विकतचेच असले पाहिजे असे नाही. फुलांच्या व्यवसायावरून ज्यांच्या घराण्याचे मूळचे गोऱ्हे हे नाव मागे पडून 'फुले' असे नाव रूढ झाले, ते महात्मा जोतीराव बाबासाहेबांचे गुरू. त्यांचे नाव सांगणाऱ्या घरात चार झेंडूची झाडे तरी असावीत. तथागतांपुढे वाहिलेले फूल कोमेजते, त्यातून अनित्यतेची जाणीव व्हावी, हाच पुष्पपूजेचा अर्थ आहे. स्वतः लावलेले फूल कळीपासून कोमेजेपर्यंत पाहिले की तो अर्थ अधिक कळतो.

अंगणात परत आलेला विटाळ

आता त्या हळू आवाजातल्या वाक्याविषयी मोठ्या आवाजात बोलू.

पाळीच्या दिवसांत मुलीने झाडाला हात लावू नये, पाणी घालू नये, लोणच्याच्या बरणीजवळ जाऊ नये, ही समजूत आपल्याही काही घरांतून गेलेली नाही. देव्हारा गेला, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली, पण विटाळ मागच्या दाराने परत आला. ही समजूत केवळ आपल्याच देशातली नाही. पहिल्या शतकातील प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने अशा स्त्रीच्या स्पर्शाने पिके नापीक होतात असे लिहून ठेवले. विसाव्या शतकात, १९२० साली, व्हिएन्नाच्या बेला शिक नावाच्या नामांकित डॉक्टरने पाळी आलेल्या मोलकरणीच्या हातात दिलेली फुले कोमेजली असे सांगून तिच्या शरीरात काही विष असावे असा तर्क मांडला. इतरांनी पुढे त्याची पडताळणी केली, पण असे विष काही सिद्ध झाले नाही. डॉक्टर मोठा होता म्हणून त्याचे म्हणणे खरे ठरले नाही. कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्ताच्या लोकांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या.

आपण आपल्याच आयाबहिणींकडे पाहून पारखू या. पारनेर, राहुरीच्या वावरात कांद्याची लागण करणारी, खुरपणी करणारी बाई महिन्यातले चार दिवस घरी बसते काय? पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणारी कोयता चालवायची थांबते काय? मुकादम तिला थांबू देतो काय? तिच्या हातांनी लावलेल्या कांद्याचे ढीग बाजार समितीत उभे राहतात, तिने तोडलेल्या उसाची साखर होऊन घरोघरी जाते. मालकाचे वावर तिच्या स्पर्शाने वाळत नाही आणि अंगणातली तुळस तेवढी वाळते, हे गणित कोणाच्या सोयीचे आहे?

विटाळ हा शब्द आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा सनातन्यांनी हाच शब्द उच्चारला आणि शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. आपल्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे सांगण्यासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या नातवंडांनी आपल्या मुलीच्या स्पर्शाने झाड बाटते असे म्हणावे काय? मुलगी त्या दिवसांत दमली असेल, पोट दुखत असेल तर तिला अवश्य विश्रांती द्या, पाण्याचा हंडा तिच्या भावाला उचलू द्या. पण ती काळजी म्हणून, विटाळ म्हणून नव्हे.

तुळशीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तुळस दारी असावी की नाही, असे काही उपासिका विचारतात. झाडाला धर्म नसतो. वृंदावन करून तिचे लग्न लावायचे नाही, एवढेच. गवती चहा, पुदिना, ओवा, अडुळसा यांच्या शेजारी एका डब्यात ती खुशाल असू द्या. चहाला चव येते, मंजिरीवर मधमाश्या येतात आणि त्या मधमाश्या आपल्या भोपळ्यालाही फळ धरायला मदत करतात.

लिंबू-मिरची दाराला नको, ताटात हवी

दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीने कोणाचे संकट टळल्याचे आमच्या पाहण्यात नाही. लिंबातील जीवनसत्त्वाने हिरड्या बळकट राहतात, हे मात्र खरे. आपल्या जिल्ह्यातच राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथे निघालेल्या कितीतरी वाणांच्या नावापुढे 'फुले' असते. मिरचीत 'फुले ज्योती', दोडक्यात 'फुले सुचेता', कारल्यात 'हिरकणी', लिंबात 'साई शरबती' हे वाण या विद्यापीठाचेच. राहुरीकडे कामानिमित्त जाणे झाले तर बियाणे आणि रोपांची चौकशी जरूर करावी. लिंबाचे झाड मोठ्या पिंपात किंवा जमिनीत लावावे, त्याला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. धीर हीसुद्धा एक पारमिता आहे, हे लक्षात ठेवावे!

बी आपले, हात आपले

दुकानातल्या संकरित बियाण्याचे पीक चांगले येते, पण त्याचे बी धरून पुन्हा लावले तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी पुडी विकत घ्यावी लागते. गावरान बी एकदा मिळाले की पिढ्यान्‌पिढ्या चालते. याचे जिवंत उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे या महादेव कोळी समाजातील आदिवासी भगिनी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भात, वाल, घेवडे, भाजीपाला यांचे गावरान बी जमवले, जपले, वाटले आणि बायफ संस्थेच्या साहाय्याने बियाण्यांची बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज लोक त्यांना बीजमाता म्हणतात. ज्या हातांना अडाणी ठरवले गेले त्या हातांत केवढे ज्ञान होते!

आपणही सुरुवात करावी. घेवडा, वाल, मेथी, टोमॅटो यांचे बी धरणे सोपे आहे. सर्वात निरोगी झाड निवडा, त्याला दोरा बांधून ठेवा आणि त्यावरचे पहिले चांगले फळ खाऊ नका. शेंग झाडावरच वाळू द्या. टोमॅटोचा गर दोन दिवस पाण्यात आंबवून बी धुवा. बी सावलीत वाळवून, थोडी कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि वर नाव, महिना, साल लिहा. महिला मंडळाच्या बैठकीला येताना एकेक पुडी आणली तर वर्षभरात साऱ्या वस्तीची स्वतःची बियाण्यांची पेटी तयार होईल.

पिंपळ कोठे लावावा?

शेवटी बोधिवृक्षाविषयी. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी भिंतीच्या फटीत पडते आणि रोप उगवते. शेजारी म्हणतात, त्यावर मुंजा असतो, उपटू नका. आपल्यातील काही म्हणतात, बोधिवृक्ष आहे, उपटू नका. दोघांचेही ऐकू नका! पिंपळाची मुळे भिंत फोडतात आणि छप्पर खाली आणतात. रोप लहान असतानाच ओल्या मातीसह अलगद काढा, डब्यात वाढवा आणि पावसाळ्यात विहाराच्या किंवा शाळेच्या मोकळ्या पटांगणात, इमारतीपासून तीस-चाळीस फूट दूर लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण, एवढे मिळाले की ते आपले आपण उभे राहते.

ज्ञानप्राप्तीनंतर तथागतांनी सात दिवस त्या वृक्षाकडे कृतज्ञतेने पाहिले, असे बौद्ध परंपरा सांगते. झाडात भूत किंवा देव आहे म्हणून नव्हे, त्याने सावली दिली म्हणून. आणि त्या वृक्षाची फांदी समुद्रापार श्रीलंकेत नेऊन अनुराधपूरला लावली ती कोणी? सम्राट अशोकाची कन्या, भिक्खुणी संघमित्रा हिने! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका स्त्रीच्या हातांनी गेलेली ती फांदी आजही वृक्ष होऊन उभी आहे. स्त्रीच्या स्पर्शाने झाड सुकते म्हणणाऱ्यांना एवढे एकच उदाहरण पुरे.

या महिन्याचा प्रयोग

मुलामुलींसाठी एक काम देतो. सारखे चार डबे घ्या, माती सारखी, ऊन सारखे, मेथीचे दाणे मोजून सारखे. पहिल्या डब्याला मुलीने सर्व दिवस पाणी घालावे, 'ते' दिवस धरून. दुसऱ्याला भावाने. तिसऱ्या डब्याची येणाऱ्या-जाणाऱ्याने तोंडभरून स्तुती करावी, म्हणजे दृष्टीची परीक्षा होईल. चौथ्याच्या तळाला भोके पाडू नयेत. पाणी चारही डब्यांना एकाच मापाने द्या आणि उंची आठवड्यातून दोनदा वहीत लिहा. महिनाअखेर कोणता डबा मागे पडला आणि का, हे मुलांनी स्वतः रविवारच्या वंदनेनंतर विहारात उभे राहून सांगावे. आजीलाही समोर बसवावे.

तीन डब्यांची भाजी सर्वांनी मिळून खावी. आणि पहिले ताट मुलीचे असावे.

जयभीम! नमो बुद्धाय!